पलीकडच्या गावातून इंद्रधनुष्य कसं दिसतं?

प्रश्न : पावसाळ्यात संध्याकाळी आमच्या गच्चीतून समोरच्या गावावर इंद्रधनुष्य दिसतं. सात वर्षांची लेक विचारते, ‘त्याच्या पलीकडे काय असतं? तिथल्या मुलांना ते मागून दिसतं का?’ तिला काय सांगावं?

उत्तर : तिला खुशाल सांगा, की तिथल्या मुलांना हे धनुष्य दिसतच नाही. त्याला मागची बाजू नसते.

संध्याकाळी सूर्य तुमच्या पाठीशी, म्हणजे पश्चिमेला असतो. किरण थेंबात शिरतो, वाकतो, थेंबाच्या मागच्या भिंतीवर आपटून परततो आणि बाहेर पडताना पुन्हा वाकतो. सूर्यापासून तुमच्या डोक्यातून तुमच्या सावलीच्या डोक्याकडे एक रेघ कल्पा. तिच्याशी सुमारे ४२ अंशांचा कोन करणारे सगळे थेंब तुम्हाला तांबडे दिसतात, साधारण ४० अंशांवरचे जांभळे. मग तो थेंब पन्नास फुटांवर असो की दोन किलोमीटरवर. म्हणून धनुष्याला ठरावीक अंतर नाही, आणि जे अमुक जागी नाही त्याच्या पलीकडे जाता येत नाही. तुम्ही दोन पावलं सरकलात, की चमकणारे थेंबही बदलले.

पलीकडच्या गावातली मुलं तुमच्याकडे, म्हणजे सूर्याकडे तोंड करून पाहतात तेव्हा त्यांना फक्त उन्हात झगमगणारा पाऊस दिसतो. ती पाठमोरी वळली आणि त्यांच्याही पुढे पूर्वेला पाऊस पडत असला, तर त्यांना त्यांचं स्वतःचं धनुष्य दिसेल. सूर्याच्या बाजूलाही एक धनुष्य असतं बरं का! थेंबाच्या आत तीनदा परतलेला प्रकाश सूर्याभोवती सुमारे ४० अंशांवर कडं करतो. पण ते इतकं फिकं, की उन्हाच्या झगझगाटात बुडून जातं. त्याचा पहिला फोटो २०११ साली जर्मनीत मिळाला.

हे सगळं लेकीला अंगणात दाखवा. साडेचार-पाचच्या उन्हात सूर्याकडे पाठ करून उभं राहा. बागेच्या पाइपच्या तोंडावर अंगठा दाबून समोर दोन-तीन फुटांवर फवारा उडवा. हात ताठ करून बोटं फाकली, की अंगठ्याच्या टोकापासून करंगळीपर्यंतची वीत सुमारे २० अंशांची होते. मुलांचा हातही त्यांच्या वितीच्या मानानेच लहान असल्यामुळे हे माप त्यांनाही चालतं. सावलीच्या डोक्यापासून दोन विती मोजा, रंग तिथेच सापडतील. आता मैत्रिणीला फवाऱ्याच्या पलीकडे उभं करा: तिला नुसते चमकते थेंब दिसतील. मग दोघींना शेजारी-शेजारी उभं करून, धनुष्याचं टोक गवताला जिथे टेकल्यासारखं वाटतं तिथे दोघींच्या सांगण्यावरून एकेक खडा ठेवा. खडे एका जागी येणार नाहीत. दोघींमध्ये जेवढं अंतर, साधारण तेवढंच खड्यांमध्ये.

रंग फिके आले तर बहुधा मागे पांढरी भिंत असते. गर्द झाडी किंवा काळसर भिंत निवडा. थेंब टपोरे आणि विरळ पडले तर धनुष्य तुटक दिसतं. अगदी धुक्यासारखे बारीक झाले तर रंग एकमेकांत मिसळून पांढुरका पट्टा उरतो. आणि पोलराइज्ड गॉगल काढून ठेवा! इंद्रधनुष्याचा प्रकाश एका दिशेत कंप पावतो आणि ती काच कमानीचा माथाच पुसून टाकते.

प्रश्न : कधी कधी वर दुसरं धनुष्य दिसतं आणि दोन्हींच्या मधलं आकाश काळवंडलेलं वाटतं. भास आहे का?

उत्तर : भास नाही. दुसरं धनुष्य थेंबात दोनदा परतलेल्या प्रकाशाचं. ते सुमारे ५१ अंशांवर असतं आणि त्यात ‘तानापिहिनिपाजा’ उलटा लागतो, तांबडा आतल्या कडेला. एकदा परतलेला प्रकाश ४२ अंशांच्या आतच राहतो, दोनदा परतलेला ५१ च्या बाहेर. मधल्या पट्ट्यात दोन्हीही येत नाहीत. साधारण अठराशे वर्षांपूर्वी अलेक्झांडर या ग्रीक भाष्यकाराने हे टिपलं, म्हणून तो अलेक्झांडरचा पट्टा. धनुष्याच्या आतलं आकाशही नीट पाहा, ते बाहेरच्यापेक्षा उजळ असतं.

प्रश्न : दुपारी ऊन-पाऊस असूनही दिसत नाही, असं का?

उत्तर : सूर्य ४२ अंशांहून वर असला, की अख्खी कमान क्षितिजाखाली जाते. पुण्यात जुलैत दुपारी चारनंतर किंवा सकाळी नवाच्या आत पाहा.

प्रश्न : हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून दिसणारं इंद्रवज्र म्हणजे गोल इंद्रधनुष्यच ना?

उत्तर : नाही. ब्रिटिश लष्करी अधिकारी कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या हवामानावरच्या १८३५ साली छापलेल्या निबंधात या गोल धनुष्याची नोंद केली, तेव्हापासून ‘गोल इंद्रधनुष्य’ हे नाव चिकटलं. पण खरं इंद्रधनुष्य पावसाच्या थेंबांचं आणि ८४ अंश रुंद. इंद्रवज्र ढगातल्या अतिसूक्ष्म थेंबांवरून माघारी आलेल्या प्रकाशाचं, जेमतेम काही अंशांचं कडं. कडा पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणून पाठीमागून सकाळचं ऊन आणि खाली दरीत ढग, असा योग हवा. कड्याच्या टोकाला उभं राहू नका, पालथं झोपून वाका. कडं तुमच्याच डोक्याच्या सावलीभोवती दिसेल. शेजारी झोपलेल्या मित्राला त्याच्या.