पहिला कंटेनर पाठवण्याआधी

भाव नंतर ठरवा. आधी आपला शेतमाल ज्या देशात निर्यात होणार, तिथली कीटकनाशकांच्या अंशाची मर्यादा औषधानुसार काढून बघा. आपल्या देशात चालणारं औषध तिथे चालेलच असं नाही. युरोपीय संघात एखाद्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नसेल, तर सरसकट किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम धरतात. म्हणजे जवळपास शून्यच. अंश जास्त निघाला तर काढणी झाल्यावर ते दुरुस्त करता येत नाही. म्हणून शेतकऱ्याच्या फवारणीच्या नोंदी स्वतः डोळ्यांखालून घाला आणि शेवटच्या फवारणीपासून काढणीपर्यंतचे दिवस मोजा.

फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे माल कीड-रोगमुक्त असल्याचा सरकारी दाखला, माल निघण्याआधीच घ्या. त्यावरचं पिकाचं शास्त्रीय नाव, वजन आणि खोक्यांची संख्या इनव्हॉइसशी अक्षरन् अक्षर जुळवा.

लाकडी पॅलेट मात्र सगळे विसरतात. लाकडातून कीड दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून आयएसपीएम १५ हा लाकडी पॅकिंगचा आंतरराष्ट्रीय नियम आहे. त्यानुसार उष्णता द्यायची असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवावं लागतं आणि त्यावर शिक्का हवा. माझा एक कंटेनर असाच अडकला होता. माल उत्तम होता, पण एका पॅलेटला कुणीतरी बिनशिक्क्याची नवी फळी ठोकली होती. तेव्हापासून लोडिंगच्या वेळी मी प्रत्येक पॅलेट उलटून बघतो.

आणि हो, नियम बदलत राहतात. जागतिक व्यापार संघटनेच्या प्रत्येक सदस्य देशात अन्नसुरक्षेच्या नियमांसाठी चौकशी केंद्र असतं. शंका आली की एजंटच्या तोंडी शब्दावर न राहता तिथे लेखी विचारा.