कस्टमर केअरला केलेला फोन म्हणजे तक्रार नव्हे

नेरूळच्या एका वाचकांनी स्वतः घासून तयार केलेला दुर्बिणीचा दहा इंची आरसा जर्मनीतल्या एका हौशी आकाश निरीक्षकाला ९५० युरोला विकला. वाशीच्या सेक्टर १७ मधल्या कुरिअरकडे दिलेला हा आरसा तिकडे पोचला तो टवका उडून. कुरिअरवाले शंभर डॉलरच्या वर जायला तयार नाहीत आणि खरेदीदाराला पैसे परत हवेत. "केस करता येईल का?" असा प्रश्न आहे. डोंबिवलीहून आलेल्या लेन्सच्या आणि पनवेलहून आलेल्या सतारीच्या पत्रातही हेच होतं, म्हणून हे उत्तर सगळ्यांसमोर देतो.

तुमचा मेल मला शुक्रवारी, १२ तारखेला रात्री मिळाला. खोकं तिकडे पोचलं ३ तारखेला. मी त्याच रात्री एका ओळीत कळवलं की आत्ताच्या आत्ता लेखी तक्रार पाठवा, बाकीचं नंतर बोलू. त्यावर तुमचं उत्तर: "उद्या-परवा त्यांचं ऑफिस बंद. सोमवारी जाऊन भेटलो तर चालेल ना? तसा कस्टमर केअरला फोन करून तिकीट नंबर घेतलेला आहे."

तिकीट नंबर बाजूला ठेवा. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीला १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो. भारत त्यात २००९ मध्ये आला आणि तो आपल्या हवाई वाहतूक अधिनियम, १९७२ च्या तिसऱ्या अनुसूचीत बसवलेला आहे. जर्मनीही त्यात आहे. त्याच्या कलम ३१ प्रमाणे माल खराब झालेला आढळला की ताबडतोब, आणि कितीही झालं तरी माल हाती पडल्यापासून १४ दिवसांच्या आत, वाहतूकदाराकडे लेखी तक्रार जायला हवी. गेली नाही तर दावाच चालत नाही. वाहतूकदाराने फसवणूक केली असेल तेवढाच अपवाद. आणि दिवस कसले, तर कॅलेंडरचे. कामकाजाचे दिवस धरायचे नाहीत हे करारात वेगळं कलम घालून सांगितलं आहे. शनिवार-रविवार तुमच्यासाठी थांबत नाहीत.

म्हणजे १७ तारीख ही शेवटची. मी तुमच्या जागी १६ च्या पुढे गेलो नसतो. तक्रार मुदतीत रवाना झाली तरी पुरते, त्यामुळे ऑफिस उघडायची वाट पाहण्याचं कारणच नाही. मेल करा, आणि सोमवारी त्याचीच प्रत वाशीच्या काउंटरवर देऊन शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. मजकूर चार ओळींचा पुरे: एअरवे बिल (माल देताना कुरिअरने दिलेली पावती) क्रमांक अमुक, खोकं ३ तारखेला मिळालं, ५ तारखेला उघडल्यावर आत आरशाच्या कडेला टवका उडालेला आढळला, माँट्रियल करारानुसार नुकसानीची तक्रार नोंदवत आहे, रकमेची मागणी स्वतंत्रपणे करू. आरसा कसा घडवला ते त्यात नको.

यातली खरी गोम पुढे आहे. ही तक्रार कोणी करायची? करारात लिहिलंय, माल मिळण्याचा ज्याला हक्क आहे त्याने. म्हणजे जर्मनीतल्या त्या गृहस्थांनी. तुम्ही नेरूळहून वाशीला चार खेपा घातल्यात, त्या माणसाने मात्र वाहतूकदाराला एक ओळही लिहिलेली नाही. त्याने फोटो पाठवले ते तुम्हाला, व्हॉट्सअॅपवर. शिवाय खोकं घेताना डिलिव्हरीवाल्याच्या यंत्रावर बोटाने सही केली, म्हणजे माल वरकरणी ठीक मिळाला असं प्रथमदर्शनी धरलं जाणार. तेव्हा आज रात्रीच त्यांना वरच्या चार ओळी इंग्रजीत लिहून द्या आणि त्यांच्या नावाने, त्यांच्या मेलवरून जाऊ द्या. तुमचीही जाऊ दे, तिने बिघडत काही नाही. पण विसंबून राहायचं ते त्यांच्या तक्रारीवर.

सोबत एवढंच सांगा की खोकं फेकू नका. तिकडची माणसं पुठ्ठा फार शिस्तीत वेगळा काढून टाकतात. तुमच्या पाचव्या फोटोत खोक्याचा डावा खालचा कोपरा आत दबलेला दिसतो, त्याच बाजूला धक्का दाखवणाऱ्या पट्टीची नळी लाल झालेली आहे आणि आत टवकाही त्याच कडेला, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा. या तिन्ही गोष्टी एका रेषेत आहेत. सुटा आरसा हातात धरून काढलेला फोटो यापुढे काहीच नाही.

पॅकिंगवर ते येणारच. पाठवणाऱ्याने पॅकिंग नीट केलं नाही आणि त्याने नुकसान झालं, हा वाहतूकदाराचा मान्य बचाव आहे. इथे तुमच्या पत्रातलं एक वाक्य, जे तुम्ही ओघात लिहून गेलात, कामाचं आहे: काउंटरवरच्या मुलाने तपासणीसाठी खोकं उघडलं, वरचा फोम काढला आणि स्वतःच ब्राउन टेप मारून बंद केलं. त्याचा पुरावा काय? त्या दिवशी तुमच्याबरोबर कोणी होतं का? सीसीटीव्ही असेल तर फूटेज राखून ठेवण्याची मागणीही त्याच मेलमध्ये घाला. ते किती दिवस ठेवतात याचा भरवसा नसतो.

आता शंभर डॉलर. पावतीवर सही केली की तिच्यावर छापलेली मर्यादा बांधील, असं सर्वोच्च न्यायालयाने भारती निटिंग कंपनीच्या प्रकरणात १९९६ मध्ये म्हटलं आहे आणि कुरिअरचे वकील ते पाठ करून येतात. पण माँट्रियल करार जिथे लागू आहे तिथे करारापेक्षा कमी मर्यादा घालणारी अट कलम २६ नुसार निरर्थक ठरते. करारातली मर्यादा वजनावर आहे: २८ डिसेंबर २०२४ पासून ती किलोमागे २६ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक) केली गेली, त्याआधी २२ होती. मागणी लिहिण्यापूर्वी भारतातल्या अधिसूचनेतला आकडा तपासून घेऊ. एक एसडीआर सव्वा ते दीड डॉलरच्या मधे धरा. तुमचं खोकं सात किलोचं, त्यातला आरसा सव्वाचार किलोचा. वजन पूर्ण खोक्याचं धरतात, तेव्हा तुम्ही ज्या प्लायवूडला नावं ठेवलीत त्यानेच चार पैसे वाढवले. हिशोब १८२ एसडीआरपर्यंत, म्हणजे वीस-बावीस हजार रुपयांच्या घरात जातो. ९५० युरो नाही.

त्याच्या वर जायचा रस्ता एकच होता: माल देतानाच खरी किंमत विशेष जाहीर करून जादा आकार भरणे. काउंटरवरच्या मुलाने विचारलं होतं, तुम्ही नको म्हणालात. आणि हो म्हणाला असतात तरी काय जाहीर करणार होतात? कस्टमच्या कागदावर तुम्ही लिहिलंत "भेट, काचेचा नमुना, ४० युरो". का, तर खरेदीदाराने सांगितलं की ४५ युरोपर्यंतच्या भेटीवर तिकडे कर लागत नाही. तो वाचवणार होता त्याचा कर. सही तुमची आहे. सीमाशुल्क कायद्याच्या कलम ११४एए खाली खोट्या निवेदनाला मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. होईलच असं मी म्हणत नाही. पण ९५० युरोचा दावा लावाल तेव्हा समोरचा वकील पहिला कागद हाच दाखवेल. त्यामुळे आकडा किती मागायचा ते कस्टमचं काम पाहणाऱ्या वकिलाला विचारल्याशिवाय लिहू नका, आणि मागच्या तारखेचं नवं इन्व्हॉइस बनवण्याचा जो विचार तुम्ही मेलच्या शेवटी मांडलात तो तिथेच सोडा.

खरेदीदाराला पैसे परत द्यायचे का? माल वाहतूकदाराच्या हाती दिला की आपल्या १९३० च्या माल विक्री कायद्यात तो सहसा खरेदीदाराला दिल्यासारखा धरतात, पण मालाचं स्वरूप पाहता वाहतुकीची व्यवस्था वाजवी केलेली असावी लागते. चाळीस युरोची भेट म्हणून विम्याशिवाय काच पाठवणं वाजवी होतं का, यावर मी तुमच्या बाजूने फार जोरात बोलू शकणार नाही. सध्या त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांची तक्रार आणि त्यांच्याकडचं खोकं हेच तुमचं प्रकरण आहे. पैसे परत केलेत तर वाहतूकदाराविरुद्धचे त्यांचे हक्क तुमच्याकडे आल्याचं पत्र लिहून घ्या.

दावा वाशीत बुक केलेल्या मालाचा, तुम्ही राहता नेरूळला, तेव्हा बेलापूरच्या कोकण भवनातला अतिरिक्त जिल्हा ग्राहक आयोग तुम्हाला जवळचा. पाच लाखांपर्यंत फी नाही. निकाल तीन महिन्यांत लावायचा प्रयत्न व्हावा असं कायद्यात लिहिलेलं आहे; वाशी लोकलच्या वेळापत्रकातही बरंच काही लिहिलेलं असतं. काही वर्षं धरून चाला. वर्षाला किती आरसे परदेशी विकता तो खरा आकडा मला सांगा, कारण तो मोठा असेल तर "व्यापारी हेतू" म्हणून तुम्ही ग्राहकच नाही असा आक्षेप येईल. दावा माल पोचल्यापासून दोन वर्षांच्या आत हवा. आयोग उशीर माफ करतो या ऐकीव गोष्टीवर माँट्रियलची दोन वर्षं जाऊ देऊ नका.

पोस्टाने पाठवणाऱ्यांनी हे उत्तर स्वतःला लावून घेऊ नये. तिथे २०२३ चा नवा टपाल कायदा आणि त्याखालचे नियम, आणि जबाबदारी त्याहून कमी.

तुमच्या पत्रात कार्बोरंडम कुठल्या क्रमाने वापरलं, सेरियम ऑक्साइडने पॉलिश किती आठवडे चाललं, हे दीड पान आहे. प्रकाशाच्या लहरीच्या अंशापर्यंत काच मोजणाऱ्या माणसाने नऊ दिवस मोजले नाहीत, याचं मला अजून नवल वाटतं. एअरवे बिलाचा फोटो तुम्ही पाठवलात तो पुढच्या बाजूचा. मागची बाजू पाठवा, अक्षरं वाचता येतील अशी, आणि सोबत खरेदीदाराने केलेल्या तक्रारीची प्रत.