फॅक्टरी इन्स्पेक्शनच्या आधी प्रेस शॉपमध्ये काय तयारी करावी?

तुम्ही लिहिलंय, पंचवीस कामगारांचं प्रेस शॉप (पत्रा दाबून नग काढायच्या मशिनांचं) आहे, पुढच्या आठवड्यात फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार, तर "काय काय दाखवायला तयार ठेवावं?" त्या 'दाखवायला' शब्दावर अडलो, म्हणून लिहायला बसलो.

भोसरीत अकरा वर्षं मी प्रेस शॉपला सुपरवायझर होतो आणि ही दाखवायची तयारी माझ्याकडेच असायची. आदल्या संध्याकाळी स्टोअरमधून जाळीचे गार्ड काढायचे, धूळ पुसून प्रेसला बोल्ट करायचे, पायाची पेडलं रॅकमागे टाकायची. सगळ्यांना हेल्मेट वाटायची (बोटं जायच्या मशिनवर हेल्मेट कशाला, हे कधी कोणी विचारलं नाही). दुसऱ्या दिवशी चहा, रजिस्टरं, सह्या. गाडी गेटबाहेर पडली की पान्हे घेऊन गार्ड पुन्हा खाली. गार्ड असला की तासाचे नग घटतात, आणि पोरांचा पैसा नगावर.

२००६ साली अशीच एक तपासणी झाली आणि चौथ्या दिवशी, सेकंड शिफ्टला, एका पोराची दोन बोटं गेली. लातूरकडचा, एकोणीस वर्षांचा. प्रेसला दोन हातांची बटणं होती. एका बटणावर त्याने चकती ठेवून वरून टेप मारली होती. म्हणजे एका हाताने स्ट्रोक (प्रेसचा फटका), दुसऱ्याने डायमधला, म्हणजे साच्यातला, नग ओढायचा. ती टेप मी दुपारीच पाहिली होती.

पुढचं त्याहून वाईट. कामगार अपघातामुळे अठ्ठेचाळीस तास किंवा जास्त कामाबाहेर राहिला की तेव्हाच्या फॅक्टरी ॲक्टच्या कलम ८८ प्रमाणे फॅक्टरी इन्स्पेक्टरच्या ऑफिसला कळवावं लागायचं. म्हणून दुसऱ्याच दिवशी त्याला रिक्षाने आणलं आणि बँडेजसकट स्टोअरमध्ये स्टुलावर बसवलं. मस्टरवर हजेरी मी लावली. ईएसआयलाही (कामगार विम्याला) कागद गेला नाही. अपंगत्वाच्या पैशांसाठी तो दोन वर्षं हेलपाटे घालत होता.

आमचे साडू चाकणला वर्कशॉप चालवतात. ते आजही लग्नाच्या पंगतीत मला ऐकवतात, "टेप त्यानेच लावली ना? मग मालकाने काय करायचं?" मालकाने सेफ्टी रिले बसवायची. दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत एकदम दाबली, आणि प्रत्येक स्ट्रोकनंतर दोन्ही सोडली, तरच पुढचा स्ट्रोक बसतो. मग एक बटण टेपने दाबून ठेवलं तर प्रेस हलतच नाही. आमच्याकडे दोन बटणं नुसती सिरीजमध्ये, एकामागे एक, जोडलेली होती; एक दाबून ठेवलं की दुसऱ्यावर प्रेस चालायची. नगावर पैसे तुम्ही लावणार, अडकवता येईल असं बटण तुम्ही देणार, आणि चूक पोराची! साडूंना हे तीनदा सांगून झालंय. ते जिलबी मागवतात.

बरं, तुमचा प्रश्न. लायसन्स, स्टॅबिलिटी सर्टिफिकेट (इमारत मजबूत असल्याचं), मस्टर, अपघाताचं रजिस्टर, आणि होइस्ट (वजन उचलायचं यंत्र), एअर रिसीव्हर (दाबाच्या हवेची टाकी) वगैरेंचे सक्षम व्यक्तीचे, म्हणजे मान्यताप्राप्त तपासनिसाचे, तपासणी अहवाल. तारखा उलटल्या नाहीत एवढं बघा. कन्सल्टंट हे दोन दिवसांत करून देतो.

सगळेच साहेब चहा पिऊन जातात असंही नाही. एकाने गार्डचे बोल्ट पाहिले, पान्ह्याचे ताजे ओरखडे दिसले, आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "काल लावला का?" मी नाही म्हणालो. त्याने पेडल शोधायला लावलं आणि शेरा मारला. तेव्हा मला त्याचा राग आला होता.

मी २०१२ला लाईन सोडली, त्यामुळे कलमांच्या बाबतीत माझ्यावर विसंबू नका. नोव्हेंबर २०२५पासून १९४८च्या फॅक्टरी ॲक्टच्या जागी नवी संहिता आलीय, आणि इन्स्पेक्टर आता 'इन्स्पेक्टर-कम-फॅसिलिटेटर' झालाय. प्रेस मात्र तीच आहे. इन्स्पेक्टर यायच्या आधी एकदा रात्री दोन वाजता, न सांगता, शॉपमध्ये जा आणि प्रत्येक बटणावरून बोट फिरवा. टेपचा चिकटा हाताला लागतो.