अश्वगंधा घेतल्यापासून काहीच वाटेनासं झालंय

प्रश्न: ताई, ऑफिसचं टेन्शन आणि झोपेसाठी अडीच महिन्यांपासून अश्वगंधाची कॅप्सूल घेतेय, टेन्शन गेलं खरं पण परवा लेकीचा दहावीचा निकाल लागला, ९१ टक्के, घरात सगळे नाचतायत आणि मी आपली पेढ्याचा बॉक्स हातात घेऊन ढिम्म. वर छातीत धडधड. थायरॉइडची गोळी चालू आहे माझी. कॅप्सूलमुळे असेल का?

उत्तर: असू शकतं. अश्वगंधा घेणारे बरेच जण हेच सांगतात, ना राग ना आनंद, सगळं सपाट. यावर अभ्यास फार कमी झालाय, त्यामुळे खात्रीने तिच्यावरच खापर फोडता येत नाही, पण तुमच्या बाबतीत मला जास्त काळजी थायरॉइडची वाटते. अश्वगंधामुळे थायरॉइडचे हार्मोन वाढू शकतात, आधीच गोळी चालू असेल तर ते प्रमाणाबाहेर जातं, मग धडधड, चिडचिड, झोप उडणं. डेन्मार्कने तर २०२३ मध्ये तिच्यावर बंदीच घातली, त्यात थायरॉइड हेही एक कारण होतं.

तेव्हा कॅप्सूल आजच थांबवा, थायरॉइडची गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका हां! टीएसएच, टी३, टी४ या थायरॉइडच्या रक्ततपासण्या करून घ्या आणि डॉक्टरांकडे जाताना बाटली सोबत न्या, कारण ‘आयुर्वेदिकच तर आहे’ म्हणून आपण सांगतच नाही (माझी आईपण असंच करायची). धडधड वाढली, चक्कर आली तर रिपोर्टची वाट बघू नका. आणि चार-सहा आठवड्यांनीही मन असंच कोरडं राहिलं तर ते डिप्रेशनही असू शकतं, तेही तपासून घ्या.