वंश समाजाने बनवलेला आहे म्हणतात, मग तो खोटा आहे का? आणि एथ्निक ओळख त्याहून वेगळी कशी?

तुम्ही विचारलंय की वंश ही सामाजिक रचना आहे असं समाजशास्त्र सांगतं, मग ती भानगडच खोटी म्हणायची का. मलाही एमएच्या पहिल्या वर्षी हेच कोडं पडलं होतं आणि व्याख्या पाठ करून ते काही सुटलं नाही, सुटलं ते दोन कोर्ट केस वाचल्यावर, म्हणून तिथूनच सुरू करते.

1920 च्या सुमारास अमेरिकेचं नागरिकत्व घ्यायला माणूस एकतर 'गोरा' नाहीतर आफ्रिकन वंशाचा असावा लागायचा. ताकाओ ओझावा नावाच्या जपानी माणसाने अर्ज केला, वीस वर्षं तिकडेच राहिलेला, त्याचं म्हणणं की कातडीच बघायची तर जपानी लोक कितीतरी गोऱ्यांपेक्षा उजळ असतात. 1922 मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की रंग बघायचा नाही, गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा (त्या काळच्या वंशशास्त्रात युरोपीय वगैरे लोकांच्या गटाचं नाव). आणि जेमतेम तीन महिन्यांनी, 1923 मध्ये, भगतसिंग थिंद यांची केस आली. पंजाबात जन्मलेले, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात भरती झालेले. ते म्हणाले, वंशशास्त्रवाले उत्तर भारतीयांना कॉकेशियनच धरतात, म्हणजे तुमच्याच हिशोबाने मी गोरा. तर कोर्टाने सांगितलं की शास्त्र राहू दे, सर्वसामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा! दोन्ही निकाल एकाच न्यायमूर्तींनी लिहिलेत, जॉर्ज सदरलँड यांनी. त्या निकालानंतर आधी नागरिक झालेल्या कित्येक भारतीयांचं नागरिकत्व काढून घेतलं गेलं. हे वाचून मला खूप राग आला होता, अजून येतो.

आता तुमचा प्रश्न यात बसवून बघा. व्याख्या तीन महिन्यांत फिरली म्हणजे वंश निसर्गाने आखून दिलेला नाही हे उघड आहे, पण ज्याचं नागरिकत्व गेलं त्याला 'अहो ते खोटं आहे' असं सांगून काय उपयोग? समाजशास्त्रज्ञ थॉमस यांचं 1928 चं सूत्र इथे लागू पडतं, लोकांनी एखादी परिस्थिती खरी मानली की तिचे परिणाम खरे होतात. जीवशास्त्राचं म्हणाल तर जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी 1972 मध्येच दाखवलं होतं की माणसांमधला सुमारे 85 टक्के जनुकीय फरक कुठल्याही एका लोकसमूहाच्या आतच सापडतो, म्हणजे गटागटांमधला फरक थोडाच.

ओमी आणि विनंट या दोघा अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी 1986 मध्ये याचीच थिअरी मांडली, की वंशाचे गट सरकार, कायदे, चळवळी यांच्या ओढाताणीतून घडतात, मोडतात, परत घडतात. अमेरिकेच्या जनगणनेत 1920 ते 1940 'हिंदू' हा चक्क एक वंश होता (शीख, मुसलमान सगळे त्यातच), 'मेक्सिकन' हा वंश फक्त 1930 ला आला आणि गेला.

एथ्निक ओळख म्हणजे ढोबळमानाने आपलं मूळ एक, आपण एकाच पूर्वजांचे, हा विश्वास. समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी स्पष्ट म्हटलंय की रक्ताचं नातं खरंच असो नसो, विश्वास महत्त्वाचा. बहुतेक लोक इथे भाषा, पोशाख, सण मोजत बसतात. मानववंशशास्त्रज्ञ फ्रेड्रिक बार्थ यांनी 1969 मध्ये सांगितलं की आतला माल बघू नका, सीमा बघा. त्यांनी पठाणांचा अभ्यास केला होता, बलुच टोळ्यांच्या सरहद्दीवरचे काही पठाण त्या टोळ्यांच्या आश्रयाला जाऊन बलुच होऊन जातात, पण म्हणून पठाण आणि बलुच यांच्यातली सीमा पुसली जात नाही. माणसं ओलांडतात तरी रेघ राहते, मला ही कल्पना फार मोलाची वाटते.

पण ही सीमा सगळ्यांना सारखी ओलांडता येत नाही आणि खरा फरक मला इथे दिसतो. समाजशास्त्रज्ञ मेरी वॉटर्स यांनी 1980 च्या दशकात गोऱ्या अमेरिकन लोकांच्या मुलाखती घेतल्या, ते आयरिश आजोबा आठवायचे, इटालियन आजी आठवायचे, वाटलं तर सांगायचे नाहीतर सोडून द्यायचे, आणि काहीही बिघडायचं नाही. काळ्या माणसाला ही सोय नाही, तो तोंड उघडायच्या आधीच समोरच्याने ठरवलेलं असतं. काळे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ ड्यू बॉइस यांनी 1903 मध्ये दुहेरी जाणीव म्हटलं ते हेच, स्वतःकडे सतत दुसऱ्याच्या नजरेने बघावं लागणं.

मात्र वंश लादलेला आणि एथ्निसिटी निवडलेली असं सरसकट लिहून टाकू नका. आफ्रिकेतल्या रवांडात हुतू आणि तुत्सी हे दोन गट एकच भाषा बोलायचे, धर्मही बहुतेकांचा एकच, 1930 च्या दशकात बेल्जियन राजवटीने ओळखपत्रावर गट छापला, आणि 1994 च्या तुत्सींच्या नरसंहारात रस्त्यारस्त्यावर नाकाबंदी करून तीच कार्डं तपासली जात होती. याच्या उलट, वंशातही थोडी निवड असू शकते, अमेरिकेत 2000 पासून जनगणनेत एकाहून जास्त वंश नोंदवता येतात. 2010 ला आई गोरी, वडील केनियन असलेल्या राष्ट्राध्यक्ष ओबामांनी एकाच रकान्यावर खूण केली, काळा.