डीव्हीडी रेकॉर्डर नवा घेतलाय? आधी फायनलाइझ समजून घ्या

रेकॉर्डिंग झालं की डिस्क काढून दुसऱ्या प्लेअरमध्ये घालू नका. डीव्हीडी-आर (एकदाच भरता येणारी डिस्क) फायनलाइझ केल्याशिवाय, म्हणजे रेकॉर्डिंग बंद करून ती इतर प्लेअरना वाचता येईल अशी केल्याशिवाय, बहुतेक प्लेअर ती वाचतच नाहीत आणि लोकांना वाटतं डिस्क खराब निघाली. सेटिंगमध्ये डिस्कच्या मेनूत हा पर्याय असतो. काही मिनिटं लागतात. त्या वेळात वीज गेली तर सगळं रेकॉर्डिंग हातचं जाऊ शकतं, म्हणून यूपीएस असेल तर जरूर लावा. फायनलाइझ झालेल्या डीव्हीडी-आरवर पुन्हा काही भरता येत नाही.

सरावासाठी आरडब्ल्यू डिस्क वापरा, पुसून परत भरता येते. डीव्हीडी-आरडब्ल्यू फॉरमॅट करताना मात्र 'व्हिडिओ' मोड निवडा. 'व्हीआर' मोडमध्ये नको तो भाग कापणं सोपं जातं, पण ती डिस्क अनेक प्लेअरवर चालत नाही.

रेकॉर्डिंगच्या दर्जाचे मोड असतात: ४.७ जीबीच्या डिस्कवर सर्वांत चांगल्या एक्सपी मोडमध्ये १ तास, मधल्या एसपीत २, हलक्या एलपीत साधारण ४ तास मावतात. चार तासांचा मोह टाळा. एलपीत बरीच यंत्रं चित्राचं रिझोल्यूशन निम्म्यावर आणतात. खेळ किंवा नाचासारख्या वेगवान दृश्यांत चौकोनी ठिपके उठतात. जपून ठेवायचं असेल तर एसपीच.

जुन्या व्हीएचएस टेप उतरवताना व्हीसीआरचं हेड (टेप वाचणारा भाग) आधी साफ करा, टेप एकदा पुढे-मागे पूर्ण फिरवा. एस-व्हिडिओची (जास्त स्पष्ट चित्र देणाऱ्या जोडणीची) सोय व्हीसीआर आणि रेकॉर्डर दोन्हीकडे असेल तर चित्राच्या नेहमीच्या पिवळ्या केबलऐवजी तीच जोडा, आवाजासाठी लाल-पांढरी वेगळी लावा. विकतच्या चित्रपटांच्या टेपवर कॉपी-संरक्षण असलं तर रेकॉर्डर थांबेल. तो बिघाड नव्हे.