जुन्या गाड्यांची प्रश्नोत्तरे : फोटोमागे नुसतं ‘मी’ लिहिलंय

प्रश्न : इथे कॅलिफोर्नियात जुन्या बाजारात दोन डॉलरला एक फोटो मिळाला. गाडी आहे म्हणजे गाडीचा सांगाडाच. मडगार्ड नाहीत, टप नाही, दारं नाहीत. दोन खुर्च्या, त्यांच्या मागे आडवी गोल टाकी, आणि गॉगल-टोपी घातलेला एक तरुण स्टिअरिंगवर. मागे पेन्सिलीने इंग्रजीत लिहिलंय, ‘मी आणि माझा बग’. गाडी कुठली, कधीची आणि हा तरुण कोण, काही सांगता येईल का? (फोटो सोबत)

उत्तर : गाडीचं लगेच सांगतो. फोर्ड मॉडेल टी. रेडिएटर, पुढचा आडवा पाटा आणि लाकडी आऱ्यांची चाकं पाहिली की शंका उरत नाही. पुढचे टायर मागच्यांपेक्षा बारीक दिसतायत ना? फोर्ड पुढे तीन इंची आणि मागे साडेतीन इंची टायर देत असे. म्हणजे चाकं कंपनीचीच आहेत. पैसेवाले लोक तारांची चाकं बसवून घेत. इथे तेवढे पैसे नव्हते.

अशा सोललेल्या टीला तेव्हा ‘बग’ म्हणत, म्हणजे किडा. जरा ऐटीत बोलायचं तर स्पीडस्टर. ‘हॉट रॉड’ (वेगासाठी बदललेली जुनी गाडी) हा शब्द लोकांच्या तोंडी रुळला १९४० च्या दशकात, त्यामुळे फोटोतल्या व्यक्तीला तो ऐकूनही माहीत नसणार. उद्योग मात्र तोच.

आता साल. फोटो मोठा करून नंबरप्लेट पाहा. डावीकडे एक छोटा आकार चिकटवलेला आहे, तुम्हाला तो डाग वाटला असेल. ते अस्वल आहे. कॅलिफोर्नियात १९१६ पासून चार वर्षं एकच पक्की प्लेट ठेवायची आणि दरवर्षी तिच्यावर नवं चिन्ह लावायचं अशी पद्धत होती : १९१६ ला अस्वल, १९१७ ला पॉपीचं फूल, १९१८ ला घंटा, १९१९ ला चांदणी. अस्वल म्हणजे १९१६. रेडिएटरही पितळी आहे, आणि फोर्डने पितळ सोडून काळं कवच आणलं ते त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये. दोन साक्षीदार एकच सांगतायत. गाडी त्याआधीची असू शकते, त्यानंतरची नाही.

प्लेटवरचे शेवटचे दोन आकडे मात्र पुढच्या पाट्याच्या सावलीत गेलेत. पूर्ण नंबर नाही, म्हणून त्यावरून मालक शोधता येत नाही. तिथेच घोडं अडलंय. माणसाकडे शेवटी येतो.

प्रश्न : सर, साधी फोर्ड टी ताशी ६५-७० किलोमीटरच्या वर जात नसे असं वाचलं. नुसता पत्रा काढून टाकला की गाडी जास्त पळायला लागते?

उत्तर : नुसता पत्रा काढून नाही, पण सुरुवात तिथूनच. टीचं इंजिन चार सिलिंडरचं, २.९ लिटरचं आणि ताकद फक्त २० अश्वशक्ती, तीही १६०० फेऱ्यांना. आजची शंभर सीसीची मोटारसायकल निवांत चालताना त्याच्या दुप्पट फेऱ्या घेते. इंजिन एवढं मोठं आणि एवढं आळशी. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबलं जाण्याचं प्रमाण, जेमतेम चारास एक, म्हणजे वाढवायला वाव भरपूर.

पोरं काय करत? पहिल्यांदा बॉडी उतरवायची. अख्खी गाडी साडेपाचशे किलोच्या आसपास, त्यामुळे उतरवलेला प्रत्येक किलो कळायचा. मग खुर्च्या थेट चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या चौकटीवर, मागच्या एक्सलच्या जरा पुढे. खुर्ची खाली गेली की स्टिअरिंगचा दांडा आडवा करावा लागतो, चाक जवळजवळ मांडीवर येतं. पहिल्या वाचकांच्या फोटोत ही गोष्ट छान दिसते.

आणि ती गोल टाकी? ती शोभेसाठी नाही. टीला पेट्रोलचा पंपच नाही. टाकी मूळची सीटखाली, आणि पेट्रोल आपल्या वजनाने उतरत कार्बोरेटरपर्यंत जायचं. टाकीत कमी असेल आणि चढ आला तर इंजिन उपाशी मरायचं, म्हणून लोक रिव्हर्समध्ये घाट चढत. (रिव्हर्सचा गिअर सगळ्यांत ताकदवान, हा वरचा फायदा.) सीट चासीला टेकवली की तिच्याखाली टाकीला जागा नाही. मागे नेली आणि खाली ठेवली तर पेट्रोल पुढे येणार नाही. मग टाकी मागे, पण उंचावर. काही जण हातपंपाने टाकीत हवा भरत आणि दाबाने पेट्रोल पुढे ढकलत, ते काम शेजारी बसलेल्या मित्राचं.

त्यानंतर इंजिन. हेडचे, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचे, पंधरा बोल्ट काढायचे, हेड फेस मारून पातळ करायचं की कॉम्प्रेशन वाढलं. लोखंडी पिस्टनच्या जागी ॲल्युमिनियमचे. मोठा कार्बोरेटर. सायलेन्सरची रजा. मागच्या एक्सलमधल्या दातेरी चाकांचं प्रमाण ३.६४ वरून तीनास एक. एवढं नीट केलं तर टी ताशी ९० च्या पुढे जायची.

आणि मग क्रँक, म्हणजे पिस्टनच्या वरखाली हालण्याने फिरणारा इंजिनातला दांडा, तुटायचा. टीच्या क्रँकचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) सव्वा इंचाचे, बेअरिंग तीनच, तेल नुसतं शिंतोड्याने मिळणार. फेऱ्या वाढल्या की क्रँक दोरीसारखा हेलकावे खातो. शहाणा मिस्त्री म्हणून आधी पुढच्या बेअरिंगला वेगळी तेलाची नळी टाकायचा, मग वेगाचं बघायचा. ब्रेकबद्दल विचारू नका. पायाचा ब्रेक लागतो तो गिअरबॉक्समध्ये, चाकांवर नाही. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट तुटला तर पेडल दाबत बसा.

मी एकदा मिशिगनमध्ये एका संग्राहकाच्या अंगणात टी चालवून पाहिली. डावं पेडल दाबलं की पहिला गिअर, सोडलं की दुसरा, मधलं पेडल रिव्हर्स, उजवं ब्रेक. ॲक्सिलरेटर पायात नाही, स्टिअरिंगखाली उजव्या हाताला दांडी, डाव्या हाताला इग्निशनची, म्हणजे ठिणगी लवकर पडायची की उशिरा ते ठरवणारी. चाळीस वर्षांच्या सवयीने मी घाईत मधलं पेडल दाबलं. गाडी हळू होते न होते तोच मागे निघाली. मालक शांतपणे म्हणाले, सगळ्यांचं होतं. हँडल मारायला मात्र त्यांनी दिलं नाही. त्याचा नियम असा की इग्निशन मागे घ्यायचं, डाव्या हाताने वर ओढायचं आणि अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीत नाही. उलटा झटका बसला तर मनगट जातं.

प्रश्न : फोर्डला वेगवान करणाऱ्यांत शेव्हरोले हे नाव वाचून गोंधळलो. शेव्हरोले तर फोर्डचा प्रतिस्पर्धी!

उत्तर : कंपनी प्रतिस्पर्धी, माणूस नाही. लुई शेव्हरोले हा स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला रेसर. १९११ मध्ये जनरल मोटर्स स्थापणाऱ्या विल्यम ड्युरंटबरोबर लुईच्या नावाची कंपनी निघाली, पुढे दोघांचं बिनसलं, लुई बाहेर पडला आणि नाव कंपनीकडेच राहिलं. मग तो आणि त्याचा भाऊ आर्थर इंडियानापोलिसमध्ये फोर्ड टीसाठी हेड बनवायला लागले, ‘फ्रॉन्टेनॅक’ या नावाने. व्हॉल्व्ह ब्लॉकमधून उचलून वर हेडमध्ये आणलेले. लोक त्या गाड्यांना लाडाने ‘फ्रॉन्टी-फोर्ड’ म्हणत. १९२३ च्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत एल. एल. कोरमने अशी गाडी पाचव्या क्रमांकावर आणली, ताशी सुमारे १३३ किलोमीटरच्या सरासरीने. ज्या क्रँकबद्दल वर लिहिलं त्याच घराण्यातली ही गाडी, आणि पाचशे मैल!

अशीच ‘राजो’ हेडं. नाव वाचून एखादा पंजाबी मिस्त्री डोळ्यासमोर येतो, पण ते आहे रसीन गावातलं ‘रा’ आणि जो यागर्सबर्गरमधलं ‘जो’. हा ऑस्ट्रियन रेसर १९११ च्या अपघातात एक पाय गमावून बसला, आणि विस्कॉन्सिनमधल्या त्या गावात राहून इतरांच्या गाड्या वेगवान करून द्यायला लागला.

प्रश्न : माझा भाचा टेक्ससमध्ये असतो. त्याला टी स्पीडस्टर विकत घ्यायचा आहे. विकणारा म्हणतो, १९१६ सालचा हा स्पीडस्टर एका नामवंत रेसरचा होता, फ्रॉन्टेनॅक हेड पहिल्या दिवसापासून आहे, आणि दारूबंदीत याच गाडीतून दारू नेली जायची. रेसरचं नाव ‘घराण्याच्या विनंतीवरून’ सांगत नाही. भाच्याला काय सांगू?

उत्तर : हातातला चेक खिशात ठेवायला सांगा.

फ्रॉन्टेनॅकची फोर्डसाठीची हेडं १९२० च्या दशकातली. १९१६ च्या गाडीवर ‘पहिल्या दिवसापासून’ असू शकत नाहीत. नंतर बसवलं असेल तर हरकत नाही, हेड खरं असेल तर त्याचीच किंमत मोठी आहे. पण मग गोष्ट बदलली. दारूचं म्हणाल तर आपल्याकडे जसा प्रत्येक जुन्या वाड्यात एकदा तरी भुयार असतं, तशी अमेरिकेत प्रत्येक जुन्या गाडीने दारू वाहिलेली असते. दोन खुर्च्या आणि एक टाकी एवढ्याच गाडीत बाटल्या ठेवायच्या कुठे? मांडीवर? दारू नेणाऱ्याला बंद, साधी, चारचौघांसारखी गाडी हवी. सायलेन्सर काढलेली नको.

भाच्याला हे बघायला सांगा. इंजिनच्या डाव्या बाजूला, पाण्याचा पाइप ब्लॉकमध्ये शिरतो त्याच्या वर नंबर ठोकलेला असतो. टीचा बहुतेक काळ चासीवर नंबरच नव्हता, इंजिनचा नंबर तोच गाडीचा नंबर. त्यावरून इंजिन कधी बनलं ते कळतं. शिवाय ब्लॉकवर ओतकामाची तारीख उठावात असते. ती नंबरापेक्षा नंतरची निघाली, तर ब्लॉक बदलून जुना नंबर पुन्हा ठोकलाय. यात फसवणूकच असेल असं नाही. फोर्ड बिननंबरी ब्लॉक सुटे विकायची आणि त्यावर जुनाच नंबर ठोकून घेत. पण ‘सगळं मूळचं’ हा दावा तिथेच संपतो.

शेवटचं म्हणजे दीड कोटी टी बनल्या, सुटे भाग आजही मिळतात. गेल्या वर्षी कुणीतरी गॅरेजमध्ये जोडलेला आणि पितळेला मुद्दाम डाग पाडलेला स्पीडस्टर चालवायला तितकाच मजेदार असतो. फक्त तो त्याच्या स्वतःच्या किमतीत घ्यावा, रेसरच्या नावाच्या किमतीत नाही. ज्या मालकाचं नाव सांगता येत नाही त्याचे पैसे का मोजायचे?

प्रश्न : आमच्या आजोबांकडे मुंबईत टी होती, घरात तिची इंजिनप्लेट नाही पण नंबर एका वहीत आहे, आकड्यांच्या आधी ‘सी’ आहे. चूक असेल का?

उत्तर : चूक नाही. ‘सी’ म्हणजे कॅनडा. ब्रिटिश साम्राज्यातल्या बहुतेक देशांना फोर्ड गाड्या कॅनडातून जात, आपल्याकडेही, उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या. मुंबईत फोर्डची इंडिया कंपनी १९२६ मध्ये आली तीही कॅनडाच्या फोर्डचीच. टी १९२७ च्या मे मध्ये बंद झाली. वही जपा.

आता पहिल्या प्रश्नाचं उरलेलं. ‘हा तरुण कोण?’

फोटो मी आठवडाभर टेबलावर ठेवला. पहिल्या दिवशी वाटलं, सोपं आहे. १९१७-१८ मध्ये पहिल्या महायुद्धासाठी अमेरिकेत दोन कोटींहून जास्त पुरुषांनी नोंदणी केली. त्या कार्डांवर वय, पत्ता, धंदा, डोळ्यांचा रंगसुद्धा आहे. मागे जी दुकानाची पाटी अर्धी दिसतेय तिच्यावरून गाव काढायचं, त्या गावातले मेकॅनिक चाळायचे.

तिसऱ्या दिवशी भिंग घेऊन हात पाहिले. टोपी कानापर्यंत, गॉगलने अर्धा चेहरा झाकलेला, अंगात ढगळ कोट. फोटोत दिसतात ते फक्त हात. तरुण कशावरून? तुम्ही लिहिलंत, मीही मान हलवली. पेन्सिलीने लिहिणाऱ्याने तसं म्हटलेलं नाही. इंग्रजीतलं ‘मी’ आणि आपलं ‘मी’, उच्चार एकच, आणि दोन्ही तितकेच मुके. मराठीत निदान पुढे ‘निघालो’ की ‘निघाले’ असं लिहावं लागलं असतं आणि गाठ सुटली असती. १९०९ मध्ये ॲलिस रॅमझी न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत ५९ दिवसांत गाडी चालवत गेली होती, टायर स्वतः बदलत. त्यानंतर सात वर्षांनी कॅलिफोर्नियात एखादीने टीचे पंधरा बोल्ट काढले असतील तर मला नवल वाटणार नाही.

बाई असेल तर सैन्याची कार्डं कुचकामी. पण कॅलिफोर्नियात बायकांना १९११ मध्येच मताचा हक्क मिळाला, आणि तिथल्या मतदारयाद्यांत नावापुढे पत्ता आणि धंदा लिहीत. पुरुष असो वा बाई, त्या याद्या दोघांनाही धरतात. शिवाय लायब्ररी ऑफ काँग्रेसने जुनी वर्तमानपत्रं ऑनलाइन फुकट ठेवली आहेत. त्या गावच्या १९१६ च्या अंकांत शर्यती, अपघात आणि वेगाचे दंड शोधा. सायलेन्सर काढलेला बग गावात फिरला म्हणजे दंड झालेला असणारच.

तोवर एक करा. फोटो पुन्हा स्कॅन करा, जरा जास्त रिझोल्यूशनने, आणि दुकानाच्या पाटीचा उजवा कोपरा व स्टिअरिंगवरचा डावा हात मला वेगवेगळे पाठवा. त्या हातात अंगठी आहे की ग्रीसचा डाग, यावर माझी आणि बायकोची पैज लागली आहे.